बसवायला एक क्लिक, काढायला तिकीट क्रमांक

सॉफ्टवेअर विकताना आणि बसवून देताना कंपन्या जी तत्परता दाखवतात, तिचा मागमूसही ते काढून टाकायची वेळ आल्यावर दिसत नाही. यात तांत्रिक अडचणीपेक्षा अनास्थेचा वाटा मोठा आहे, असे माझे मत अलीकडच्या अनुभवाने पक्के झाले आहे.

घरच्या विंडोज लॅपटॉपवरील एक अँटीव्हायरस मुदत संपल्यावर मी कंट्रोल पॅनेलमधून रीतसर अनइन्स्टॉल केले. यादीतून नाव गेले. मात्र टास्क मॅनेजरमध्ये त्याच कंपनीची एक सर्व्हिस (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम) चालूच होती आणि 'प्रोग्रामडेटा' या एरवी लपलेल्या फोल्डरमधील तिच्या फाइल्स डिलीट करू गेल्यास परवानगी नसल्याचा संदेश येत होता. लॅपटॉप माझा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच, आणि परवानगी नाही तीही मलाच! त्याहून गंभीर बाब अशी, की विंडोज सिक्युरिटीच्या पानावर जुन्या अँटीव्हायरसचेच नाव झळकत राहिल्यामुळे विंडोजचे स्वतःचे डिफेंडर हे अँटीव्हायरस सुरू होईना. संरक्षणासाठी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने जाता जाता लॅपटॉप उघड्यावर टाकला.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. आपण 'अनइन्स्टॉल' दाबतो तेव्हा विंडोज बहुतेक वेळा निर्मात्यानेच दिलेला अनइन्स्टॉलर चालवते. काय काढायचे आणि काय मागे ठेवायचे, हे निर्मात्याने आधीच ठरवलेले असते. अँटीव्हायरस कर्नेलच्या, म्हणजे विंडोजच्या सर्वांत आतल्या गाभ्याच्या, पातळीवर ड्रायव्हर बसवते आणि व्हायरसने आपल्यालाच बंद पाडू नये म्हणून स्वतःच्या फाइल्सना कुलूप घालते, हे रास्तच आहे. फुकटची चाचणी मुदत कोणी पुन्हा पुन्हा वापरू नये म्हणून काही सॉफ्टवेअर लायसन्सची खूण मागे ठेवतात, तेही एक वेळ समजू शकते. नॉर्टन, मॅकॅफी, कॅस्परस्की, अवास्ट यांनी संपूर्ण सफाईसाठी वेगळी रिमूव्हल टूल्स काढली ती याच अडचणीमुळे. म्हणजे उपाय अस्तित्वात असतो, आणि तो कंपनीपाशीच असतो.

असे असूनही चॅटवरील प्रतिनिधीने काय सांगावे? आधी, "सर, सिस्टिम रीस्टार्ट करून बघा." मग, "पुन्हा इन्स्टॉल करून परत अनइन्स्टॉल करा." सर्व्हिसचे नाव, फोल्डरचा पत्ता आणि स्क्रीनशॉट मी पहिल्याच संदेशात दिले होते, ते कोणी उघडून पाहिल्याचे जाणवले नाही. त्यानंतर सोडून का जाता, अशी चौकशी झाली, सवलतीत नूतनीकरणाचा प्रस्ताव आला आणि अखेरीस लॅपटॉपचा रिमोट अ‍ॅक्सेस, म्हणजे दुरून ताबा, मागण्यात आला. तो नाकारताच तिकीट, म्हणजे माझ्या तक्रारीची नोंद, 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद झाले आणि पाठोपाठ सेवेला किती तारे द्याल, अशी विचारणा करणारा ईमेल दाखल झाला. पुढे त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर, शोधल्याशिवाय सापडणार नाही अशा जागी, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच मूलभूत गोष्टींसह सुरू करून) चालवायचे रिमूव्हल टूल मिळाले आणि काम झाले. एवढ्या संभाषणात त्याचा उल्लेखही झाला नव्हता. प्रतिनिधीवर माझा राग नाही. त्याच्यापुढे ठरीव उत्तरांचा कागद ठेवून काढण्याच्या प्रश्नावर त्यात एक ओळही न लिहिणाऱ्यांवर आहे.

हा प्रकार आजचा नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीताच्या सीडी ग्राहकांच्या संगणकात गुपचूप सॉफ्टवेअर बसवत असल्याचे उघड झाले. ते काढण्यासाठी आधी अर्ज भरावा लागे, आणि मग मिळणाऱ्या अनइन्स्टॉलरमुळे संगणकाच्या सुरक्षेला नवेच भगदाड पडे. शेवटी त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये १३ 'डार्क पॅटर्न्स'ना, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांना, मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे त्यात आहे. सॉफ्टवेअर अर्धवट काढून उरलेले मागे ठेवणे हा प्रकार मात्र त्यात स्वतंत्रपणे येत नाही. तो यावा. रिमूव्हल टूल डाउनलोडच्याच पानावर असावे, अनइन्स्टॉल झाल्यावर काय मागे राहिले ते पडद्यावर दिसावे आणि ग्राहकाच्या होकाराशिवाय तिकीट बंद होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे. अशा कारणासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कोणी तक्रार नोंदवली असल्यास तिचे पुढे काय झाले, ते कृपया कमेंटमध्ये लिहावे. मीही नोंदवणार आहे.