कौरव-पांडवांचा वेल आणि झोपेचा काढा

श्रावण लागला की गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो येतोच. कुंपणावरचे जांभळे कृष्णकमळ आणि खाली मजकूर: शंभर तंतू म्हणजे कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. म्हणून हे फूल महाभारतकाळातले. पानांचा काढा रात्री घ्या, झोपेची गोळी सुटेल. वनस्पतीच ती, अपाय कसला?

कौरव-पांडवांची गोष्ट मलाही आवडते, आजीने फूल हातात धरून तीच सांगितली होती. पण निळ्या कृष्णकमळाचे, म्हणजे पॅसिफ्लोरा सेरुलियाचे माहेर ब्राझील-पॅराग्वे-अर्जेंटिना. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. त्याआधी हा वेल गोदाकाठी कुठून येणार? गंमत पुढेच आहे. तिकडे गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी याच फुलात येशूचा छळ पाहिला. तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, वरचे तीन म्हणजे खिळे. ‘पॅशन फ्लॉवर’मधले पॅशन हे प्रेम नव्हे, तर ते क्लेश. एकच फूल, ज्याने त्याने आपली कथा त्यात वाचली. आणि ते शंभर कौरव? मी मोजायला बसलो, दोन फुलांचा आकडा काही जुळेना.

आता काढा. झोपेसाठी वापरतात ती जात वेगळीच: पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. युरोपच्या औषध नियामक संस्थेने सौम्य ताण आणि झोपेसाठी तिला मान्यता दिली आहे, पण ती केवळ दीर्घ परंपरागत वापराच्या आधारावर. आपल्या नर्सऱ्यांत मात्र निळे, लाल, संकरित, सगळेच ‘कृष्णकमळ’ नावाने खपते. कुंपणावरचा वेल नेमका कोणता, हे माळ्यालाही सांगता येत नाही. सेरुलियाच्या पानांत तर सायनाइड सोडणारी संयुगे असतात. ‘अपाय कसला’चे उत्तर हेच.

गोळी सुटण्याचे म्हणाल, तर झोपेच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या की झोप आणखी उडते, क्वचित झटकेही येतात. इन्कार्नाटा गोळीच्या जोडीला घेतली तर गुंगी वाढू शकते. गरोदरपणात तर ती नकोच.

फूल देवाला खुशाल वाहा, पिकलेल्या पॅशन फ्रूटचे सरबतही प्या. पाने वेलावरच राहू द्या. आमच्या वेलावर सध्या नारिंगी फुलपाखरांचे काटेरी सुरवंट बसलेत, त्यांना ती पचतात.