‘बायकांनी स्वतःहूनच पिशवी काढली’ म्हणणाऱ्यांना

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं सार असं: कोणी जबरदस्ती केलेली नाही, सह्या त्यांच्याच आहेत. खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडू नये, चार पैसे जास्त मिळावेत म्हणून त्या स्वतःहून पिशवी काढून घेतात. लवकर लग्न आणि अडाणीपणा हे मूळ, उरलेला दोष दोन-चार लबाड डॉक्टरांचा. आणि असं तर सगळीकडेच होतं. हा मजकूर पाठवणारी माणसं वाईट नसतात, माझ्या नात्यातलीही आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘सगळीकडेच होतं’ हे आधी घेऊ, कारण ते मोजता येतं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्या एकाच पद्धतीच्या नाहीत, त्यामुळे आकडे तंतोतंत ताडून बघू नयेत. पण तीन आणि सतरा यांतलं अंतर पद्धतीच्या फरकाने मिटत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये हा फरक साध्या उदाहरणाने मांडला होता. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब, त्याच्यासमोरच्या संधी तपासा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून उत्तर मिळणार नाही. मग रोजगाराची घडीच तपासावी लागते. एका बाईने पिशवी काढली तर तिचे रिपोर्ट बघा. तेरा हजारांवर बायकांनी काढली असेल, तर त्या करतात त्या कामाची घडी बघा.

ती घडी म्हणजे कोयता. ऊसतोडीत मजूर म्हणून माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसऱ्याच्या सुमारास टोळी निघते, त्याआधीच मुकादमाने, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, जोडीला उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते, आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यात जातात. बाई एक दिवस झोपून राहिली तर तिचा एकटीचा रोज बुडत नाही, अख्खा कोयता बुडतो. वर खाडा. अनेक टोळ्यांमध्ये तो दिवसाला पाचशे रुपये सांगितला जातो. आता हिशेब करा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. त्याआधी टनाला सुमारे २७३ रुपये मिळत. जोडीने दिवसात दोन टन तोडला तर दोघांचे मिळून साडेपाचशेही होत नव्हते. म्हणजे पाळीच्या दुखण्याने एक दिवस पडून राहिलं की त्या दिवसाची कमाई गेली, आणि जवळपास तेवढीच रक्कम उचलीच्या कर्जात वाढली. याला लोभ म्हणायला माझी जीभ धजत नाही.

‘सह्या त्यांच्याच’ हे खरं आहे. पण सहीपर्यंतचा रस्ता बघा. उसाच्या फडाजवळच्या पालाच्या कोपीत (झोपडीत) संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसं पाणी नाही. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पाळीचं कापड ना बदलता येतं, ना धुऊन वाळवता येतं. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, ओटीपोट दुखतं. औषधाला आणि विश्रांतीला दिवस लागतात, आणि दिवस तर विकलेले असतात. गावी परतल्यावर दवाखान्यात ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं ऐकल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं आहे. मग सही होते. ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल, म्हणजे पुढचा हंगामही बांधला गेला.

लवकर लग्नाचा मुद्दा खरा आहे, पण त्याची दिशा उलटी आहे. उचल जोडीला मिळते. आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं, ही भीती वेगळी. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न उरकतं, विशीत दोन-तीन लेकरं, नसबंदी, आणि कित्येकींची तिशी-पस्तिशीतच पिशवी. बालविवाह या कामातूनच उगवतो. त्याला कारण म्हणून बाजूला काढून काम निर्दोष ठरवता येणार नाही.

डॉक्टरांबद्दल वाद नाही, दोषींवर कारवाई व्हावी. २०१९ मध्येच सरकारने विधिमंडळात सांगितलं की बीडच्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण परवानगीच्या कागदाने फडावर पाणी येत नाही की खाडा थांबत नाही.

आणि पिढ्यान् पिढ्या बीडच का? ऊस पिकतो तो धरण-कालव्यांच्या पट्ट्यात, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे किंवा कर्नाटकात. तोडायला माणूस येतो तो बीडकडच्या बालाघाट डोंगररांगेतल्या कोरडवाहू रानांतून. कारखाना सांगतो, मजूर मुकादमाचे. मुकादम सांगतो, मी कारखान्याला माणसं पुरवतो. मालकच ठरत नाही, म्हणून आजारपणाची पगारी रजाही नाही. शिक्षण हवंच, पण पाळीच्या तिसऱ्या दिवशी मोळी उचलणाऱ्या बाईला आराम हवा हे तिला शाळेने शिकवायची गरज नाही. तिचं नाव, तिची हजेरी आणि तिची मजुरी नवऱ्यापासून वेगळी नोंदवा. खाडा बंद करा. फडावर पाणी, संडास आणि नर्स पोचवा, आणि हे सगळं कारखान्याच्या नावावर लिहा. त्यानंतरही कोणी पिशवी काढली, तर तिने स्वतःहून काढली असं मी मान्य करीन.