‘सुमित्रा’ला सहलीची बोट म्हणणाऱ्यांनो, थोडं वाचा

आमच्या दारव्ह्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आयएनएस सुमित्रा ही नौका म्हणे विदेशातून आणली, राष्ट्रपतींच्या सहलीसाठी ठेवली, तिच्यावर धड तोफही नाही. आजवर तिने एकच काम केलं, ते म्हणजे आपल्या पैशानं पाकिस्तानी कोळ्यांना वाचवणं. माझा भाचा अग्निवीर म्हणून नौदलात जायला रोज पहाटे रस्त्यावर धावतो. आमच्या जवायांनी हा मेसेज वाचून त्याला विचारलं, “काहून जातं बे तिथं? पाकिस्तानवाल्याईले वाचवाले?” पोरगं गप्प बसलं. म्हणून हे लिहितोय.

पाकिस्तानी कोळ्यांचंच आधी घेऊ, कारण सगळं विष तिथंच आहे. जानेवारी 2024 अखेरचं नौदलाचं निवेदन कोणालाही वाचता येतं. सुमित्राने आधी ‘इमान’ ही इराणी मासेमारी बोट आणि तिचे 17 इराणी खलाशी सोमाली चाच्यांकडून सोडवले. लगेच ‘अल नईमी’ या दुसऱ्या बोटीवरचे 19 पाकिस्तानी खलाशी सोडवले. या बोटीवर 11 चाचे होते. हे सगळं 36 तासांच्या आत, कोचीपासून सुमारे 850 सागरी मैल पश्चिमेला झालं. आणि का केलं, तेही त्याच निवेदनात आहे. चाचे अशी मासेमारी बोट बळकावतात, तिला मदरशिप करतात आणि तिच्या आधारानं भर समुद्रात मालवाहू जहाजांवर जातात. बोट सोडवली की पुढचा हल्ला थांबतो. खलाशी कुठल्या देशाचे, हा प्रश्न तिथं येतच नाही. बुडत्याला जात विचारून हात देणारं नौदल मला तरी नको.

‘आपल्याला त्या समुद्राचं काय’ म्हणणाऱ्यांनी कृषी केंद्रातल्या खताच्या पोत्याकडे पाहावं. जॉर्डनचं फॉस्फेट अकाबा बंदरातून निघतं, तांबडा समुद्र आणि एडनचं आखात ओलांडून आपल्याकडे येतं. तो रस्ता अडला तर झळ आपल्या पेरणीला बसते. समुद्र यवतमाळपासून लांब आहे, खत नाही.

राष्ट्रपतींची गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं कबूल. फेब्रुवारी 2016 मध्ये विशाखापट्टणमला आंतरराष्ट्रीय नौदल संचलन झालं, तेव्हा राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी सुमित्रावरून ताफ्याची पाहणी केली. तिन्ही दलांच्या सरसेनापतीनं आपल्याच नौकेवर उभं राहून सलामी घेतली, त्याला सहल म्हणायचं?

विदेशी? वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधली, 4 सप्टेंबर 2014 ला चेन्नईत नौदलात दाखल झाली. क्षेपणास्त्रं नाहीत, कारण ही गस्ती नौका आहे. पण 76 मिलिमीटरची तोफ आहे, हेलिकॉप्टर उतरतं.

आणि ‘काम एकच’ म्हणणाऱ्यांना ऑपरेशन राहत, म्हणजे येमेनमधून आपली माणसं काढायची मोहीम, आठवत नाही का? दाखल होऊन वर्षही झालं नव्हतं. येमेनमध्ये लढाई पेटलेली. 31 मार्च 2015 ला सुमित्रा एडनच्या बंदरात शिरली आणि 349 भारतीयांना घेऊन जिबूतीला गेली. तिथून हवाई दलाच्या विमानांनी त्यांना घरी आणलं. पुढं येमेनच्याच होदेदा बंदरातूनही तिनेच माणसं काढली. त्यात आपल्या देशातल्या नर्सेस होत्या, मजूर होते, बायामुलं होती. जवायबापू, तुमचा पोरगा जाऊ पाहतोय ते या कामाला. त्याचा फॉर्म अडवू नका.