‘जीव घाबरला की गाडीतून उतरून जा’ हा सल्ला पोरींना घरी बसवतो

गावाचा गट, पालकांचा गट, बचत गटाचा गट, सगळीकडे सध्या एकच संदेश फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: एसटीत जीव घाबरणं, छातीत धडधडणं हे हल्लीच्या पोरांचं नाजूकपण आहे, जुन्या माणसांना असलं काही होत नव्हतं. तरी झालंच तर लगेच गाडी थांबवून उतरून जावं. जोरजोरात खोल श्वास घ्यावेत, नाहीतर कागदी पिशवीत तोंड घालून श्वास घ्यावा. काही महिने प्रवास बंद ठेवावा. जाणं अगदीच भाग असेल तर मेडिकलमधून झोपेची अर्धी गोळी आणून घ्यावी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुली आजूबाजूच्या खेड्यांतून मानव विकासच्या, म्हणजे शिकणाऱ्या मुलींसाठी सोडलेल्या गाडीनं, नाहीतर साध्या एसटीनं येतात. हा संदेश वाचून एका आईनं पोरीला पाठवणंच थांबवलं. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

जुन्या माणसांना हे होत नव्हतं, ही गोष्ट खरी नाही. मोकळा चौक ओलांडताना, रस्त्यानं एकटं जाताना ज्यांचा जीव घाबरायचा अशा रुग्णांचं वर्णन बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला निघाली ती १ जून १९४८ ला. म्हणजे हा त्रास एसटीहून पाऊणशे वर्षांनी जुना. आपल्या गावांतही तो होताच. त्याला बाहेरचं लागलं म्हणायचे, अंगारा लावायचे. एखादी बाई ‘मले गाडी लागते’ म्हणत माहेरी जाणं बंद करायची आणि तिला पुढं कुणी काही विचारायचं नाही. गाडी लागणं हा प्रकार निराळा. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना घाटाच्या वळणांवर पोटात ढवळतं, ते कान आणि डोळे मेंदूला वेगवेगळं सांगतात म्हणून. जीव घाबरण्याचा त्रास सरळ रस्त्यावरही होतो, कधी गाडी फाट्यावर यायच्या आधीच सुरू होतो.

आता ‘लगेच उतरून जा’. माझं सगळ्यात मोठं भांडण या वाक्याशी आहे.

बाजाराचा दिवस, गाडी खचाखच भरलेली, पायात थैल्या, मधल्या वाटेत उभं राहायलाही जागा नाही. अशात पोरीच्या छातीत धडधडायला लागतं, तळहात ओले होतात, ओठांना मुंग्या येतात, गळा आवळल्यासारखा होतो आणि ‘आता आपण मरतो’ असं ठाम वाटतं. हे नाटक नसतं. वाघ समोर आल्यावर पळायला शरीर जी तयारी करतं तीच इथं होते, फक्त वाघ नसतो. अशी लाट साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचते आणि मग आपसूक उतरू लागते. शरीराला ती तशीच ताणून ठेवता येत नाही.

पण ती टोकाला असतानाच पोरगी खाली उतरली, तर उतरल्याबरोबर हायसं वाटतं आणि मेंदू त्यातून एकच धडा घेतो: गाडी खरंच जीवघेणी होती, उतरले म्हणून वाचले. पुढच्या खेपेला धडधड फाट्यावरच सुरू होते, त्याच्या पुढच्या खेपेला आदल्या रात्री. बसून राहिली, लाट आपली आपण ओसरताना तिनं एकदा पाहिली, की मेंदूला पहिल्यांदा दुसरा पुरावा मिळतो. उपचारांत जे शिकवतात त्याचा गाभा हाच आहे.

शिवाय हा सल्ला लिहिणाऱ्यानं आमचा रस्ता पाहिलेला दिसत नाही. इथं उतरायचं म्हणजे कुठं? दोन्ही बाजूंनी कपाशी, सावलीला एखादं कडुलिंबाचं झाड, पुढची गाडी दुपारून, काळीपिवळी आली तर आली. मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत घाबरलेल्या पोरीला एकटीला अशा ठिकाणी उतरवणं हा कसला उपाय?

मला असं वाटतं की गाडी चुकली तर चालेल, पण गाडीतून पळायची सवय लागता कामा नये. चक्कर येऊन पडेन ही भीती पुष्कळ जणींना असते. या झटक्यात रक्तदाब सहसा खाली येत नाही, वर जातो, त्यामुळं खरोखर बेशुद्ध पडणं क्वचितच घडतं. उपाशीपोटी निघालेलं किंवा उन्हात तासभर उभं राहिलेलं माणूस पडू शकतं, ते कारण वेगळं. म्हणून भाकर खाऊन निघावं, पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

जोरजोरात खोल श्वास घेण्याचा सल्ला उलटा पडतो. घाबरलेलं माणूस आधीच भराभर श्वास घेत असतं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि बोटांच्या मुंग्या, डोक्यातली हलकी गरगर त्यातूनच येतात. आणखी जोरात ओढला तर त्या वाढतात. करायचं ते असं: नाकानं चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. घेण्यावर जोर नको, सोडणं लांबवा. पाय गाडीच्या तळाशी टेकवून ठेवा. कागदी पिशवीचा उपाय आता डॉक्टर सांगत नाहीत. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्याला पिशवीतल्या श्वासानं धोका होऊ शकतो.

‘काही महिने प्रवास बंद ठेवा.’ शहरात एक वाट बंद केली तर दुसरी असते. आमच्याकडं कॉलेज, बँक, सरकारी दवाखाना, मावशीचं घर, सगळं त्याच एका गाडीच्या टोकाला आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हा कितीतरी जणी कारणाशिवायही तालुक्याला जाऊन यायला लागल्या. भीतीपायी ते सोडायचं? प्रवास बंद ठेवायचा नाही, त्याचे लहान तुकडे करायचे. आधी स्टँडवर उभ्या गाडीत जाऊन बसायचं, ती निघायच्या आधी उतरायचं. मग आईसोबत पुढच्या गावापर्यंत. मग तेच एकटीनं. मग गर्दीच्या वेळी. प्रत्येक पायरीवर धडधड होणारच, ती कमी होईपर्यंत तिथंच थांबायचं आणि मगच पुढची पायरी. माझ्या एका विद्यार्थिनीला कंडक्टरभाऊंनी पुढची सीट दिली होती. ‘घाबरू नको वं माय, हाव मी इथं,’ एवढंच ते म्हणायचे. पुढं ती मागच्या सीटवर बसायला लागली, तेही तिच्या तिनंच ठरवून.

गोळीबद्दल थोडक्यात: चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणू नका. सवय लागते, आणि झोपेच्या गुंगीत पार पडलेल्या प्रवासातून मेंदू काहीच शिकत नाही. चिंतेवर नियमित घ्यायची औषधं वेगळी असतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, ती डॉक्टरच देतात आणि मनानं एकदम बंद करायची नसतात.

संदेशात जे नाहीच ते सांगायला हवं. पहिल्यांदाच असं झालं असेल तर आधी तपासणी करून घ्या. रक्त कमी असणं आणि थायरॉइड यांनीही धडधड होते. वय जास्त आहे, साखर किंवा बीपी आहे, छातीवर दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जाते आहे, तर मनाचं आहे म्हणून बसून राहू नका, १०८ ला फोन करा.

आणि पोरगी अचानक गाडी नको म्हणत असेल तर तिला एकांतात, आवाज न चढवता विचारा, गाडीत कुणी अंगाला हात लावतं का. तसं असेल तर तिची भीती अगदी योग्य जागी आहे, आणि श्वास मोजायला शिकवणं हा तिच्यावर अन्याय होईल. तिथं कंडक्टरला सांगायचं, ११२ ला फोन करायचा, आणि ‘तूच नीट बसत जा’ हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही.

भीती महिनोन्महिने हटत नसेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथवर जायलाही गाडीच लागते, हे मला माहीत आहे. म्हणून सुरुवात फोनवरून करा: टेली मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शेजारच्या सीटवर कुणाचा जीव घाबरला तर कांदा हुंगवू नका, तोंडावर पाणी मारू नका, दहा जणांनी घोळका करू नका. खिडकी उघडा. एकानंच जवळ बसून हळू बोलावं: ‘होऊन राहिलं ते थोड्या वेळानं कमी होते, मी हावो इथं, उतरायची घाई नाही.’