झॅकचे पॉइंट मोजून झाले असतील तर आता जरा स्मिथकडे बघा

काल, १६ डिसेंबर २०२३ ला, इंडियानापोलिसच्या गेनब्रिज फील्डहाउसला कॉलेज बास्केटबॉलच्या मॅचला गेलो होतो, आज रविवारची दुपार झाली तरी घसा बसलेलाच आहे, बायको म्हणते मीठ-पाण्याच्या गुळण्या कर आणि मोबाईल ठेव, पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. देशात एक नंबरवर असलेली, तोपर्यंत एकही मॅच न हरलेली अॅरिझोना, आणि आपल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीने त्यांना ९२-८४ ने हरवलं. सीझनचा हिशोब आता १० जिंकल्या, १ हरली.

रात्रीपासून आमच्या पर्ड्यूवाल्या मराठी ग्रुपवर फोटो कोणाचे फिरतायत तर झॅक ईडीचे. बरोबरच आहे, ७ फूट ४ इंचाचा माणूस, गेल्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, फोटो त्याचाच येणार. पण काल झॅकचे पॉइंट किती? २२, आणि ९ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल. दुसऱ्या कुणासाठी हे स्वप्न असेल, झॅकसाठी हा रोजचा डाळभात आहे. मॅच जिंकली फ्लेचर लॉयरच्या २७ आणि ब्रेडन स्मिथच्या २६ पॉइंटनी. दोन गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारे, बाहेरून खेळणारे खेळाडू, मिळून ५३! गेल्या सीझनमध्ये कुणी मला हे सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आणि मला या पोस्टमध्ये एवढंच सांगायचंय की या वर्षीची टीम वेगळी आहे ती या पोरांमुळे.

माझ्या लिस्टमधले निम्मे लोक क्रिकेटवाले आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलेज बास्केटबॉलचा सीझन नोव्हेंबरला सुरू होतो, आणि मार्चमध्ये ६८ टीमची मोठी टूर्नामेंट असते, एक मॅच हरलात की बॅगा भरा. या सीझनच्या आधी पर्ड्यू त्यातल्या शेवटच्या चारात शेवटची कधी पोचली होती? १९८० साली. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. २००९ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला पर्ड्यूच्या गावी, वेस्ट लाफयेटला आलो, सांगलीच्या शाळेत सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेत बास्केटबॉल खेळलेला मुलगा, आणि पहिल्याच हिवाळ्यात पर्ड्यूच्या मॅकी अरीनात पाय ठेवला आणि त्या आवाजाने छातीत धडधडलं ते आजतागायत थांबलेलं नाही. त्या वर्षी रॉबी हमेल, जॅजुआन जॉन्सन, इट्वान मूर अशी टीम होती, आणि फेब्रुवारीत मिनेसोटाला हमेलचा गुडघा गेला. पुढच्या सीझनच्या आधी प्रॅक्टिसमध्ये तोच गुडघा परत. मग २०१९ ला कार्सन एडवर्ड्सने व्हर्जिनियाविरुद्ध ४२ पॉइंट केले तरी ओव्हरटाइममध्ये हरलो. २०२२ ला सेंट पीटर्सकडून हरलो. आणि मग या वर्षीचा १७ मार्च.

त्या दिवशी आम्ही चौघं मित्र गाडी काढून कोलंबसला गेलो होतो. पर्ड्यूला एक नंबरचं सीडिंग, म्हणजे टूर्नामेंटमधलं मानांकन, समोर सोळा नंबरची फेअर्ली डिकिन्सन, देशातल्या सगळ्यात बुटक्या टीमपैकी एक. ६३-५८ ने हरलो. पुरुषांच्या टूर्नामेंटच्या इतिहासात सोळा नंबरने एक नंबरला हरवायची ती दुसरीच वेळ. परतीच्या तीन तासांत गाडीत कुणी गाणीसुद्धा लावली नाहीत, एकजण फक्त मध्ये म्हणाला, "पाणी दे रे," बस्स.

त्या मॅचचे आकडे मला अजून पाठ आहेत. झॅकचे २१ पॉइंट, १५ रिबाउंड. म्हणजे झॅक कमी पडला नाही. थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, मात्र २६ मारले आणि ५ आत गेले. त्यांची ती छोटी छोटी पोरं आमच्या गार्डना पूर्ण कोर्टभर चिकटून होती, श्वास घेऊ देत नव्हती, आणि आमचे दोन्ही गार्ड, स्मिथ आणि लॉयर, पहिल्या वर्षाची पोरं, सीझनच्या शेवटाला पार दमलेली. बॉल झॅकपर्यंत न्यायचा कसा हाच प्रश्न, आणि झॅकभोवती तर दोन-तीन जण उभेच. बाकीच्यांना त्यांनी मोकळं सोडलं होतं, मारा म्हणाले, आणि आम्हाला मारता येत नव्हतं. दुखणं झॅकचं कधी नव्हतंच, ते त्याच्या आजूबाजूला होतं.

म्हणून मी या सीझनला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बघतोय. पहिली मॅच सॅम्फर्डशी ९८-४५, दुसरी मोरहेड स्टेटशी ८७-५७, त्यातून काही कळत नाही, ते सोडून द्या. झेवियरची मॅच लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी होती, घरात फराळाला माणसं आलेली, आणि मी पोरीला घेऊन मॅकीला, त्यावर घरी जे बोलणं खाल्लं ते खाल्लं, पण ८३-७१ जिंकलो आणि मला तिथे पहिल्यांदा जाणवलं की स्मिथ चालतोच वेगळा.

काय वेगळं ते सांगतो. झॅक पुढे येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे भिंतीसारखा उभा राहतो, स्मिथ त्याच्या खांद्याला घासून निघतो, स्मिथचा माणूस अडकतो. आता समोरच्या टीमचा उंच खेळाडू झॅकला सोडून पुढे यायला घाबरतो, तो मागे बास्केटजवळच राहतो. म्हणजे मध्ये बारा-पंधरा फुटांवर मोकळी जागा, अंगण म्हणा ना. गेल्या वर्षी स्मिथ त्या अंगणात यायचा आणि घुटमळायचा, इकडे बघ तिकडे बघ, पास शोध, मग तोपर्यंत मागून कुणीतरी हात घालणार. यंदा तो तिथे येतो, थांबतो आणि सरळ जंप शॉट मारतो. आणि तो शॉट दोन-तीनदा गेला की समोरच्या उंच माणसाला पुढे यावंच लागतं, आणि तो एक पाऊल पुढे आला की स्मिथ वरून बॉल टाकतो आणि झॅकला उडीसुद्धा मारावी लागत नाही. सगळा खेळ त्या एका पावलाचा आहे. सहा फुटांचा वेस्टफील्डचा पोरगा, इथून अर्ध्या तासावरचं गाव, त्याला हे एका उन्हाळ्यात कळलं आणि त्याने करून दाखवलं, मला त्याचा इतका अभिमान वाटतो की काय सांगू.

मग हवाईची टूर्नामेंट. दरवर्षी माउई बेटावर लाहैनाला होते, पण ऑगस्टमध्ये लाहैना आगीत जळालं, म्हणून या वेळी होनोलुलूला खेळवली. तीन दिवसांत तीन मॅच, गोन्झागा ७३-६३, टेनेसी ७१-६७, आणि थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी फायनलला मार्क्वेट ७८-७५. झॅकचे आकडे बघा, २५ आणि १४, २३ आणि १०, २८ आणि १५. तीन दिवसांत ७६ पॉइंट आणि ३९ रिबाउंड, एवढं प्रचंड शरीर घेऊन, रोज अंगावर दोन-दोन माणसं झेलत. मी मगाशी डाळभात म्हणालो त्याचा अर्थ कुणी चुकीचा घेऊ नका, या माणसाबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. टोरंटोचा मुलगा, लहानपणी बेसबॉल आणि आइस हॉकी खेळायचा, बास्केटबॉलला उशिरा आला, आणि सगळी बक्षिसं मिळाल्यावरही, मार्चमधल्या त्या हरण्यानंतर तो परत आला. प्रत्येक गावात प्रेक्षक त्याला त्या मॅचवरून चिडवणार हे माहीत असून आला.

टेनेसीची मॅच माझ्या मते या तीनमधली सगळ्यात महत्त्वाची. ते लोक अंगावर येऊन खेळतात, गेल्या वर्षीची आपली पोरं तशा मॅचमध्ये विस्कटली असती. इथे लान्स जोन्सचं नाव घेतलंच पाहिजे. आपले कोच पेंटर सर बाहेरच्या कॉलेजातून तयार खेळाडू फारसे घेत नाहीत, पण सदर्न इलिनॉयला चार वर्षं काढलेला हा माणूस त्यांनी आणला आणि मला वाटतं हा या वर्षीचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. जोन्स फार देखणा खेळत नाही, कधी कधी असा शॉट मारतो की आपण डोक्याला हात लावावा, पण तो पळतो, समोरच्या गार्डला धरतो आणि स्मिथवर दबाव आला की बॉल घेऊन स्वतः पुढे जातो. गेल्या वर्षी स्मिथला हा आधारच नव्हता. घरात एकटा कमावता असतो आणि मग दुसरा कमवायला लागतो, तेव्हा पहिल्याचा चेहरा कसा बदलतो, तसं स्मिथचं झालंय.

आता नॉर्थवेस्टर्नशी हरलेली ती एक मॅच. हो, त्यावर बोलणारच, टाळणार नाही. १ डिसेंबर, इव्हान्स्टन, जोन्सचं स्वतःचं गाव, तेव्हा आपण एक नंबरवर, आणि ओव्हरटाइममध्ये ९२-८८ ने हरलो. झॅकचे ३५ पॉइंट, १४ रिबाउंड, आणि तरी हरलो. माझं म्हणणं इथेच सिद्ध होतं. त्या मॅचमध्ये आपल्याला ४६ फ्री थ्रो, म्हणजे फाउलवर मिळणारे मोकळे शॉट, मिळाले आणि त्यांना ८, त्यांचे कोच कॉलिन्स शेवटी इतके भडकले की रेफरीने त्यांना बाहेर काढलं. रेफरी झॅकला झुकतं माप देतात असं जो तो म्हणतोय, माझं म्हणणं, झॅकवर जेवढे हात पडतात त्यातले निम्मेसुद्धा शिट्टीत येत नाहीत. पण ४६-८ हा आकडा बघून समोरच्याचा राग मला समजतो. आणि मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, की एवढे फ्री थ्रो मिळून आपण हरलो कसे? कारण त्यांच्या गार्डने, बू बुईने, ३१ पॉइंट केले आणि त्याला कुणी थांबवू शकलं नाही. झॅक बचावात मागे बास्केटजवळ राहतो, त्याला बाहेर पळवत आणणं शक्य नाही, म्हणजे जे अंगण आपल्या स्मिथला मिळतं तेच समोरच्या चपळ गार्डलाही मिळतं. मार्चमध्ये असा एखादा गार्ड पेटला तर काय, याचं उत्तर अजून मिळालेलं नाहीये, आणि काल जिंकलो म्हणून ते मिळालं असं मी म्हणणार नाही.

लॉयरबद्दल मात्र मला भांडायचंय. ग्रुपवर गेले तीन आठवडे त्याला बसवा, त्याला बसवा चाललंय. एक शॉट चुकला की लगेच, याच्याकडून होत नाही. अरे तो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे, आणि शूटरचं कामच असं की चुकल्यावरसुद्धा पुढचा शॉट त्याच विश्वासाने मारायचा. आणि तो तिथे कोपऱ्यात नुसता उभा राहिला तरी त्याच्या माणसाला झॅककडे धावायला दहादा विचार करावा लागतो, ते आकड्यात दिसत नाही. काल दिसलं ना? २७ दिसले ना? मी समोर बसून बघितलंय, पहिले दोन शॉट आत गेल्यावर त्याचा चेहराच बदलला होता, आणि नंतर बॉल हातात आला की आख्खं स्टेडियम आधीच उभं राहत होतं.

बाकीचे पटकन सांगतो. ट्रे कॉफमन-रेन मला आवडतो, पण झॅकबरोबर एकत्र खेळताना दोघांची जागेवरून गर्दी होते, तिथे अजून काम हवंय. मेसन गिलिस बेंचवरून येतो आणि एकही चूक न करता आपलं काम करून जातो, अशा माणसाची किंमत हरल्यावर कळते. कॅम्डेन हाइडी आणि माइल्स कोल्विन दोघांच्या पायात स्प्रिंग आहे, जानेवारीत त्यांना अजून मिनिटं मिळावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मला माहितीये काहीजण काय म्हणणार. गेल्या वर्षी पण नोव्हेंबरमध्ये पोर्टलंडला गोन्झागाला आणि ड्यूकला हरवलं होतं, ओळीने १३ मॅच जिंकलो होतो, आणि मार्चमध्ये फुसका बार. मान्य, शंभर टक्के मान्य, मी त्या परतीच्या गाडीत होतो. पण गेल्या वर्षी जिंकत होतो तेव्हाही बॉल झॅककडे जाईपर्यंत माझा जीव वर-खाली व्हायचा. काल अॅरिझोनाने दबाव टाकायचा प्रयत्न केला तेव्हा मी मुद्दाम बॉलकडे बघायचं सोडलं आणि स्मिथच्या मानेकडे बघत बसलो. मान वर होती, कोर्टच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते बघत होती. मार्चमध्ये ती खाली असायची, बॉलकडे.

गुरुवारी मॅकीला जॅक्सनव्हिलची मॅच आहे. सोपी मॅच, तिकिटं मिळून जातील, इंडियानापोलिसहून कुणी येणार असेल तर माझ्या गाडीत दोन जागा आहेत, संध्याकाळी लवकर निघू म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही. झॅक बाहेर बसेल ती मिनिटं मला बघायचीयेत, तेव्हा स्मिथ आणि जोन्स काय करतात ते. डबा मी घेतो, कॉफी तुम्ही घ्या.