धरण आपले, पण गच्चीवरची टाकी किती दिवसांची?

"नवी मुंबईचे स्वतःचे धरण आहे, वाशीचा घाऊक बाजार आहे, शहरही आखून वसवलेले आहे, कोणतेही संकट आले तरी आपण स्वयंपूर्ण आहोत," असा संदेश सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आणि धोक्याचा आहे.

मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचे आहे, याचा मलाही अभिमान वाटतो. मात्र ते रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात आहे, आणि तेथले पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन लांबलचक जलवाहिनीने आपल्यापर्यंत येते. या वाहिनीच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवला जातो, त्या दिवशी धरण काठोकाठ भरलेले असले तरी नळ कोरडाच राहतो. म्हणून मोजायची ती आपल्या इमारतीची टाकी. नेरुळच्या आमच्या इमारतीत ४० घरे, सुमारे १६० माणसे आणि गच्चीवर २०,००० लिटरची टाकी आहे. माणशी १३५ लिटर या शहरी मापाने रोज २१,६०० लिटर लागतात, म्हणजे टाकी एक दिवसही पुरत नाही. आपत्तीत माणशी किमान १५ लिटर धरले, तर तीच टाकी आठ दिवस पुरते. मात्र त्यासाठी पहिल्या तासातच व्हॉल्व्ह बंद करून पाणी मोजून द्यावे लागते, कारण संध्याकाळपर्यंत थांबले तर मोजायला पाणीच उरत नाही.

जमिनीखालच्या टाकीत पाणी असतेच, असे कोणी म्हणेल. पण ते वर चढवणारा पंप विजेवर चालतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातील वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली. आमचा जनरेटर तेव्हा फक्त लिफ्टला जोडलेला होता, पंपाला नव्हता.

वाशीच्या बाजाराबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तेथला भाजीपाला रोज नाशिक-पुण्याकडून ट्रकने येतो आणि लगेच पुढे जातो. मे २०२० मध्ये करोनामुळे हा बाजार आठवडाभर बंद होता. आठवड्याचे डाळ-तांदूळ घरातच हवेत.

आखीव शहराचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. आपले कित्येक नोड, म्हणजे वाशी-नेरुळसारखे आखलेले उपनगरी भाग, खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून उभे आहेत, म्हणूनच हे शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची दारे मिटतात आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत तलावात थांबते. तलावात गाळ साचला की तेवढी जागा कमी होते, आणि भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी रस्त्यावर येते. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. वायुगळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचे, हे किती घरांत सांगितलेले असते?

आमच्या गच्चीवरचा व्हॉल्व्ह कोणता, हे आजवर एकट्या रखवालदारकाकांना ठाऊक होते. गेल्या रविवारी आम्ही तो लाल रंगवला आणि गच्चीची दुसरी किल्ली तळमजल्यावर ठेवली. पंपाची तार जनरेटरला जोडण्याचे काम या आठवड्यात होणार आहे.