माझ्या लेकीचं वय मोजणं बंद करा

लेकीच्या खांद्याला व्हायोलिनची पेटी दिसली की लोक आधी वय विचारतात. चौदा म्हटलं की लगेच हिशेब सुरू. लिफ्टमध्ये, रिक्षाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. "चौदा? अगं, लतादीदी त्या वयात घर चालवत होत्या!" "कुमार गंधर्वांनी अकराव्या वर्षी मुंबई गाजवली!" चार-पाच दिवसांपूर्वी तर कहर झाला. तिच्या क्लासचा कार्यक्रम होता. सहा महिने घोटलेला तुकडा तिनं न अडखळता वाजवला. नात्यातले एक शिकलेसवरलेले गृहस्थ भेटायला आले. वाजवल्याबद्दल अवाक्षर नाही. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेलसनचा दाखला देत म्हणाले, "मेंडेलसननं सोळाव्या वर्षी आठ वाद्यांचं ऑक्टेट लिहिलं. तुझ्याकडे दोनच वर्षं आहेत हं!"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. माझं तर डोकंच फिरलं.

लतादीदींचं सांगता? १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले. पाठीवर चार धाकटी भावंडं. तेरा वर्षं पुरी व्हायच्या आत ती मुलगी कामाला लागली, कारण घरात चूल पेटायला हवी होती. यात दुसऱ्याच्या पोरीला टोचण्यासारखं काय आहे? आणि कुमारजी लहानपणी गाजले, अगदी खरं. पण आज आपण डोळे मिटून त्यांची जी निर्गुणी भजनं ऐकतो, ती कधीची? क्षयानं अंथरुणाला खिळून, गाणं बंद ठेवून, देवासला काही वर्षं काढली, त्यानंतरची.

मेंडेलसनच्या टोमण्यानं मी जास्त चिडते, कारण ते ऑक्टेट माझा जीव की प्राण आहे. १८२५ सालचं. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. तिसऱ्या भागात आठही वाद्यं दबक्या पावलांनी अशी पळतात की श्वास रोखून ऐकावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलानं हे लिहिलं! मी कितीदा रडलेय ऐकताना. तेच उचलून माझ्या पोरीच्या डोक्यात हाणता?

त्या मुलाचं घर कसं होतं, तेही सांगा की मग. बर्लिनमधलं सावकारी पेढीवाल्यांचं घर. शिकवायला झेल्टरसारखा गुरू. ऑक्टेटच्या आधी, १८२१ ते १८२३ या काळात, त्यानं तंतुवाद्यांसाठी बारा सिंफनी लिहून हात बसवला होता. रविवारी घरीच मैफल, वादक पैसे देऊन बोलावलेले. लिहिलेलं लगेच कानावर पडायचं, चुकलेलं लगेच कळायचं. माझी लेक दोन खोल्यांच्या घरात दारं-खिडक्या लावून रियाज करते, तरी आठ वाजले की शेजारचे बेल वाजवतात. लतादीदींचं वय मला ऐकवणारे तेच शेजारी!

आणि त्याच घरात त्याची थोरली बहीण होती, फॅनी. गुरू तोच, शिकवण तीच. ती नेमकी माझ्या लेकीएवढी, चौदा वर्षांची होती तेव्हा, १८२० साली, वडिलांनी तिला पत्रात लिहिलं की संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो फक्त दागिनाच राहिला पाहिजे. पुढे तिची काही गाणी भावाच्या नावानं छापली गेली. स्वतःच्या नावानं रचनांचे संग्रह छापायला तिनं घेतले ते १८४६ साली, चाळिशी गाठल्यावर. पुढच्याच वर्षी ती गेली.

सोळाव्या वर्षाचं ऑक्टेट सगळ्यांना पाठ. ही चाळीस वर्षांची बहीण कुणी माझ्या मुलीला सांगितली? एकानंही नाही!

तिला विचारा ना, काय वाजवलंस? कुठला भाग अवघड गेला? गज धरून बोटं दुखतात का? ऐकायला बसा, दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून. तेवढंही जमत नसेल तर नुसतं हसा आणि पुढे जा. पण चौदा वर्षांच्या पोरीला "दोनच वर्षं राहिली" म्हणून मुदत घालून देणारे तुम्ही कोण?

आज पाचवा दिवस, तिनं पेटी उघडलेली नाही. सकाळपासून त्या गृहस्थांचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. उचलणारही नाही.